होतो

सेलूच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला
तत्त्वज्ञानाचा वर्ग भरायचा.
पटावर अकरा, बाकावर एक :
मुंजाजी गिराम.
रात्री स्टेशन रोडला जळालेल्या मोटारी भरायचा,
सकाळी नखांत वार्निश घेऊन यायचा.

मी फळ्यावर लिहिलं,
एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही.
अडीच हजार वर्षांपूर्वी, यवनांच्या देशात,
एक तिरसट माणूस असं म्हणून गेला.
मुंजाजीनं खिडकीतून बघितलं.
वाळूचे ट्रॅक्टर चालले होते रस्त्यानं, ओळीनं.
'सर, आमच्या दुधनेत एकदा तर उतरून दाखवा.'

हसलो दोघंही.
मग तोच म्हणाला,
'पाणी गेलं ते गेलं, औंदा वाळूबी चालली.
मग दुधना म्हणायलोत ते कशाला?'
मी म्हटलं, म्हणूनच तर तो म्हणतो की...
आणि पुढचं आठवेना.
नोट्स उघडल्या. सव्वीस वर्षांच्या, पिवळ्या,
एक शब्दही न बदललेल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरा यवन.
जे आहे ते आहे. जे नाही ते नाहीच,
त्याचा विचारही करता येत नाही.
बदल म्हणजे डोळ्यांची चूक.
मुंजाजी बराच वेळ गप्प.
'याला लाईटबिल येत नसंल, सर.'

त्या रात्री त्याच्या दुकानात गेलो.
बल्बाखाली खाजाभाई बागवानाची पाच एचपीची मोटार
पोट उघडं टाकून पडलेली.
तार ह्या खेपेला नवी.
बेअरिंग गेल्या साली.
बॉडी तडकली होती, ती पूर्णेच्या भंगारातून आणलेली.
शाफ्ट तेवढा जुना होता,
तो परवा बदलला.

'मग ही मोटार कोणती?' मी विचारलं, जरा वर्गातल्या आवाजात.
'खाजाभाईची. पावतीवर नाव हाये.'
बाजेखालून त्यानं एक पोतं ओढलं.
काळी तार, झिजलेली बेअरिंग, तडकलेली बॉडी, वाकलेला शाफ्ट.
'आणि हे सगळं जोडलं तर?'
'तर हीबी खाजाभाईचीच.'
जरा थांबून,
'पण पाणी उचलायची न्हाई.'

पुढं विषय बंद झाला.
आधी विषय, मग मी.
खोलीत आता कॉम्प्युटर आहेत, फळा तोच,
कोपऱ्यात माझ्या अक्षरातला एक 'न' पुसायचा राहून गेलेला.
'नदी'तला की 'नाही'तला, सांगता येत नाही.

परवा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो.
मी आहे, हे एका मशीनला पटवायचं होतं.
अंगठा चार वेळा लावला. पटेना.
'रेषा झिजल्यात काका,' पोरगी म्हणाली.
'काय करत होता तुम्ही?'
म्हटलं, मी शिक्षक होतो.

आणि तिथंच, काउंटरला हात टेकून, अडकलो.
मी म्हातारा होतो,
मी उशिरा जागा होतो,
मी शिक्षक होतो.
संपलेल्याला आणि घडत असलेल्याला
आपल्या भाषेनं एकच शब्द दिलाय
आणि सव्वीस वर्षं शिकवूनही
मला तो ऐकू आला नव्हता.
'डोळे दाखवा काका, डोळ्यांवर होतंय का बघू.'

परतताना स्टेशन रोडनं आलो.
दुकानाची पाटी नवी, शटर नवं,
मुंजाजीच्या कानाशी पांढरं.
'काय करायलास रे?'
'मालक व्हायलो, सर. दोन हप्ते ऱ्हायलेत.'

सांगणार होतो त्याला त्या शब्दाचं.
पण तो खाली वाकला होता,
चोवीस खाचांतल्या सतराव्या खाचेत
तांब्याची तार घालत,
ओठांतल्या ओठांत,
'एकेचाळीस, बेचाळीस...
मधी बोलू नका सर,
गिनती चुकती.'